तक्रार: घंटा वाजत नाही

थंडर बे, फेब्रुवारी. सरोवर गोठून पार पांढरं पडलेलं,
धान्याच्या कोठारांवर वाफसुद्धा जागची हलत नव्हती.
दारावरची बेल तीनदा वाजली.
तळघरातून वर आले ती हातात सोल्डरची गन तशीच घेऊन.
पायरीवर टॉइव्हो रौटिओ, बगलेत बुटांचं खोकं,
दुसऱ्या हातात वेलदोड्याचा पाव, कापडात गुंडाळलेला.

खोक्यात लोकरी मोजा, मोज्यात निजवलेलं
वीतभर डिझेल इंजिन.
"दोन दुखणी आहेत," तो म्हणाला,
नातवाला दवाखान्यात आणल्यासारखा.
"दिवा मिचमिचतो. आणि घंटा गेली.
भोंगा आहे, मोटर घुरघुरते, घंटा तेवढी गेली."

मी आधी चाकं पुसली.
निम्मे आजार इथंच संपतात:
लोक डिकोडरला शिव्या घालतात
आणि दोष निघतो मळाचा.
हा त्यातला नव्हता.

हातभर रुळावर उभं केलं, वेग एकेक पायरी चढवला.
दिवा लागला. विझला.
लागला.
विझला.
ओळखीचं दुखणं:
कंट्रोलर मोजतो अठ्ठावीस पायऱ्या,
डिकोडर चौदाच शिकलेला,
मधल्या प्रत्येक पायरीला त्याला वाटतं, दिवा मालवायला सांगितलंय.
एकोणतिसाव्या घरात दोन मिळवले.
दिवा बसला जागेवर, मुकाट.

"आता घंटा."
मी एकचं बटण दाबलं.

घंटा वाजली.
पातळ, स्वच्छ, ठणठणीत.
टॉइव्हो इंजिनाकडे बघत होता.
"बघितलंस?" म्हणाला. "ढिम्म."

घंटा वाजतच होती आमच्या दोघांच्या मध्ये.

मी उगाच टोपण काढलं, स्पीकरच्या तारा चाचपल्या,
मीटर लावला. आठ ओहम, असायला हवेत तेवढे.
उगाच, कारण मला थोडा वेळ हवा होता.
चौतीस वर्षं ह्यानं गव्हाच्या गाड्या आणल्या
विनिपेगहून इथवर,
पाठीशी सोळा सिलिंडरांची भिंत,
खिडकी उघडी. कानात बोळे
तेव्हा फक्त नवखे घालायचे.

कार्डावर दोन रकाने: दोष, उपाय.
पहिल्या ओळीत लिहिलं: वेगाच्या पायऱ्या. बदलल्या.
दुसऱ्या ओळीतला दोष लिहिला नाही.

बटणांचा तक्ता उघडला.
घंटा एकटीच होती तिच्या खणात.
तिच्या सोबतीला बंपरवरचे दोन दिवे बांधून दिले,
डावा, उजवा, डावा, उजवा.
खऱ्या इंजिनावर ते भोंग्याबरोबर लुकलुकतात, घंटेबरोबर नाही,
हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.
पुन्हा दाबलं.

तो वाकला. चष्मा कपाळावर सरकवला.
ओठ हलायला लागले दिव्यांच्या ठेक्यावर,
आवाज न करता.
दिवे चुकीच्या जागी लुकलुकतायत, असं काही तो म्हणाला नाही.
"वाजतेय," म्हणाला.
"वाजतेय," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

मग बराच वेळ त्यानं ती बंदच केली नाही.
माझे कान किटले. मी कॉफी ओतत राहिले.

पैसे दोन दुरुस्त्यांचे पुढे केले,
एकाचेच घेतले, दुसरीच्या बदल्यात पाव कापला.
दारात मफलर गुंडाळता गुंडाळता थांबला.
"तुझी बेलही बघ एकदा. मघाशी तीनदा दाबली.
काच ठोकणारच होतो, तेवढ्यात आलीस."
"बघते," म्हटलं.

खाली येऊन ड्रॉवर उपसला,
तीन मिलिमीटरचा एक पिवळा दिवा सापडला,
आणि दारापर्यंत पुरेल का म्हणून
तार मोजत बसले.