यादीतली शेवटची काठी

उद्यमनगरात, मे महिन्यात,
तापलेल्या पत्र्याखाली आम्ही बर्फाच्या पेट्या भरतो.
म्हणजे बर्फ नाही,
बर्फ उडवणाऱ्या यंत्राची
घरच्या घरी दुरुस्ती करायची अवजारं.
दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना,
प्लग खोलायची नळी, तिच्यात आडवी सळी,
फीलर गेज, पात्यांवरून तेलाचं बोट फिरवून,
ग्रीसची ट्यूब,
आणि पुडीत सहा पिना.

पिनांबद्दल मगदूम शेठ पहिल्याच दिवशी बोलले :
ह्या तुटल्या पाहिजेत.
आत दगड अडकला की आधी पिन जावी,
गिअरबॉक्स वाचावा.
तुटली नाही तर माल परत.

शिकलगारमामा लेथवर तिला खाच पाडतात.
तुटू नये म्हणून चाळीस वर्षं राबलेला माणूस,
शाफ्ट, बुश, चरकाचे रोल,
आता चष्मा कपाळावर सारून
मोडायची जागा आखत बसतो.
व्हर्निअर लावतो, पुसतो, परत लावतो.
"कच्चं करायलाबी हात पक्का लागतोय, पोरी."

बर्फ आम्ही पाहिलाय तो भुशातला.
सायकलच्या कॅरिअरवर, गोणपाटात,
लक्ष्मीपुरीपासून थेंब थेंब रस्ता भिजवत जाणारा.
त्याला मशीन कशाला?
अर्ध्या तासात पाणीच की.
सुवर्णाचा नवरा साखर कारखान्यात,
ती म्हणाली, एकदा रात्रपाळीला पट्टा तुटला,
दारात गुडघाभर साखर.
फावड्यानं ओढून ओढून ह्यांची कंबर गेली.
तसंच असंल बघ.
तेव्हापासून मला ती तिकडची माणसं
साखरेतच दिसतात.
दार ढकलतात, उघडत नाही,
आणि कुणी बाई दिव्याखाली
मी चिकटवलेली पेटी कापते.

यादीत बारावी आणि शेवटची : सफाईची काठी.
हातभर, पिवळी रंगवलेली,
नळकांड्यात अडकलेला बर्फ काढायला.
एक दिवस काठ्या कमी पडल्या.
सम्मेद नवा, डिप्लोमावाला, म्हणाला,
हिची गरजच काय?
मशीन बंद करायचं, हातानं काढायचं.
पेटीमागं चार रुपये वाचतील.

मामांनी लेथ बंद केला.
चक फिरत राहिला, मग थांबला.
तोवर कुणी बोललं नाही.
त्यांनी डावा हात वर धरला,
तीन बोटांचा.
आम्हाला रोजचाच तो,
चहाचा कप त्यातच असतो त्यांचा.

"गुऱ्हाळावर. सतरा वर्साचा हुतो.
चरकात ऊस दाबून बसल्याला.
इंजान बंदच हुतं.
ऊस वडला, तसा चरक सुटला.
अर्दाच फेरा. लई न्हाई.
अर्दाच."

मग लेथ सुरू झाला.
सम्मेद गोदामात गेला, काठ्या शोधत बसला,
सापडल्या नाहीत तेव्हा शाहूपुरीत जाऊन
सुताराकडून चाळीस करून आणल्या,
रंग ओला, बोटं पिवळी.

पेटीत काय कुठं ठेवायचं
त्याचं चित्र भिंतीवर लावलंय.
त्यात काठी तळाशी, पान्यांच्या खाली.
मी ती सगळ्यात वर ठेवते.
झाकण नीट बसत नाही त्यामुळं,
टेप दोनदा मारावी लागते.
मगदूम शेठ टेपचा हिशोब विचारतात.
मी म्हणते, उन्हानं गोंद सुटतोय.