जमिनीलगत

"मिस्त्री, आठ दिस झाले, वास यायलाय,"
गंगासागरबाई दारातच म्हणाल्या, हळूच,
उसनं मागायला आल्यासारख्या.
मागून त्यांचा व्यंकट, चार्जर हातात घेऊन:
"काही नाही मुजीबभाई, भास आहे तिला.
मला येत नाही, हिला येत नाही,
एजन्सीचं पोरगं येऊन गेलं, त्यालाही आला नाही.
तुम्ही नुसतं बघितल्यासारखं करा,
म्हणजे रात्रीची झोपेल तरी."

मी म्हटलं, तो चार्जर राहू द्या.
कुठल्याच बटणाला हात नको. दारं उघडा.
देवापुढचा दिवा विझवा म्हणणार होतो,
तर वात कोरडी.
आठ दिवस बाईंनी तो लावलाच नव्हता.

एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला सांगत नसतो:
मला वास येत नाही.
त्या तापाच्या साली परभणीत कुणाचं काय काय गेलं,
माझं नाक गेलं.
बायको म्हणते, तुला बिर्याणी काय अन् ओलं पोतं काय.
म्हणून पिशवीत खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली,
तिच्यात साबणाचं पाणी, आणि दाढीचा ब्रश.
आमचे वस्ताद म्हणायचे,
काडी ओढून गळती शोधणाऱ्याला
ती एकदाच सापडते.

रेग्युलेटर: फेस जागच्या जागी.
नारिंगी नळी: भेग नाही, तारीख शिल्लक.
शेगडीच्या दोन्ही कळा: गप्प.
"बघ आई," व्यंकट म्हणाला.
बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी विचारलं, "वास येतो तवा तुम्ही कुठं असता?"
हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.
त्यांनी बोट दाखवलं:
ओट्याच्या कोपऱ्यात घडी घातलेलं पोतं, आडवी विळी,
अंबाडीचे देठ एका बाजूला.
"हितं. भाजी निवडत बसते."

हा गॅस जड.
धुरासारखा वर जात नाही,
सांडलेल्या पाण्यासारखा उतार बघतो,
फरशीवरून सरकत कोपरा धरतो.
या घरात स्वयंपाक उभ्यानं, चहा उभ्यानं,
जेवण टेबलावर.
जमिनीवर बसणारं माणूस एकच.

मी पालथा पडलो. तेलाचा डबा ओढला, ज्वारीची कोठी सरकवली.
मागं तांब्याची लाइन, वळणावर पितळी नट,
नटावर एमसीलचा राखाडी गोळा,
कुणाच्या तरी बोटांचे ठसे अजून त्यात.
चालतंय की, म्हणून केलेलं काम.
ब्रश फिरवला. श्वास धरला.
एक बुडबुडा. मोहरीएवढा,
मग बोराएवढा.
फुटला.
त्याच जागी दुसरा.

"व्यंकटराव, खाली या."
ते उकिडवे बसले, मग गुडघ्यांवर, मग हातांवर,
इस्त्रीच्या पँटीसकट,
आणि नाक फरशीला लावलं.
काही बोलले नाहीत.
आईकडं बघायला त्यांना मान वर करावी लागली.

सिलिंडर बंद करून बाहेर काढला. गोळा फोडला.
पाइपाचं तोंड नवं केलं, नट नवा,
एक पाना धरायला, एक फिरवायला.
हात चालू होते आणि मनात येत होतं,
हा वास गॅसचा नाहीच मुळी.
मुद्दाम घालतात तो, भरायच्या आधी,
न बघितलेल्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या
न बघितलेल्या नाकासाठी.

बाईंनी केरसुणी घेतली
आणि रिकाम्या फरशीवरून दाराकडं
हवा झाडू लागल्या. तशी ती जात नसते फारशी.
मी अडवलं नाही.

पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही.
तरी म्हटलं, "बाई, एकदा तुमच्या जागी बसून बघा."
त्या पोत्यावर टेकल्या, विळी बाजूला केली,
डोळे मिटले. बराच वेळ.
"न्हाई आता," म्हणाल्या.

वहीत लिहिलं:
नट एक. मजुरी दीडशे.
तपासणी केली: गंगासागरबाई.