मापाला माणूस

तालामपायाच्या लाल भिंती जिथं संपतात
आणि वाळू उघडी पडते, तिथं एकटी उभी आहे सासू.
नकाशात तिला आकडा आहे, सत्तेचाळीस ब.
पागान्सिज्योत मात्र सगळे सासूच म्हणतात:
मान पुढं, हनुवटी वर, कमरेत खाल्लेली,
वारा कितीही बोलला तरी तोंड न फिरवणारी.

दर ऑगस्टात, सोंदा वारा पेटायच्या आत,
तिचा एक फोटो काढणं हे माझं सरकारी काम.
जागा ठरलेली: जमिनीत पुरलेल्या तीन लोखंडी खुंट्या,
त्यांवर तिपाईचे तीन पाय.
वेळ ठरलेली: सकाळी आठ चाळीस,
सावली डावीकडे पडते आणि भेगा दिसायला लागतात.
आणि शेजारी, मापाला माणूस.
पहिल्या वर्षी ला रिओहाहून मोजपट्टी आलीच नाही,
तेव्हा डबा घेऊन आलेल्या एर्मेलिंदाला म्हटलं,
जरा उभी राहतेस?
राहिली. एकतीस वर्षं.

कागदपत्रांत ती कुठंच नाही.
कोपऱ्यात टाइप केलेलं: माप, १५८ सें.मी.

मी बघायचो तो दगड.
लेन्सच्या कड्यात धूळ, दातांत धूळ,
हलू नकोस, मी ओरडायचो.
मी नाही, तुझी सासू हलतेय, ती ओरडायची.
तिच्या खऱ्या सासूला, म्हणजे माझ्या आईला,
हा विनोद शेवटपर्यंत आवडला नाही.

यंदा कोर्दोबाहून एक पोर आली,
माइतेना इबार्गुरेन, दगडांची डॉक्टर.
आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं
एकतीस फोटो पडद्यावर एकावर एक ठेवले,
रात्रभर आकडे मांडले, पुसले,
आणि सकाळी म्हणाली, डोन फाउस्तो, काहीतरी चुकतंय.
खडक झिजतात. हा वाढलाय.
अकरा सेंटिमीटर.
शिवाय एका वर्षी आठानं खचून
पुढच्या वर्षी पुन्हा होता तिथं आलाय.

एर्मेलिंदा कणीक मळत होती.
मागं न बघता म्हणाली,
ते माझ्या बहिणीच्या लग्नाचं वर्ष. टाचांचे बूट होते.
फोटो काढून तसेच चर्चमध्ये गेलो नव्हतो का?

माइतेना उठली.
तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं,
जिथं आमच्या पोरांच्या उंचीच्या रेघा अजून आहेत,
आणि डोक्यावर पेन्सिल टेकवून टेप धरला.
एकशे चोपन्न.
तिची दोन्ही हातं पिठानं भरलेली,
ती तशीच उभी, काही खाली पडू नये असं धरून.
मग हिशेब पुन्हा झाला.
सासू झिजलीय, सात मिलिमीटर.
बाकीची सगळी एर्मेलिंदा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा
फोटोंचा तो कोपरा बघितला.
निळा स्वेटर, मग तोच स्वेटर करडा.
एका वर्षी तिच्या घागऱ्यामागून
पोराचा एक कान बाहेर आलेला.
एका वर्षी ती कॅमेऱ्याकडे नाही,
रस्त्याकडे बघतेय.
का, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं.
आता विचारलं.
तिलाही आठवेना.

आता ॲल्युमिनियमची काठी आलीय, लाल-पांढरी.
तिला गुडघे नाहीत, ती डबा आणत नाही.
परवा सासूशेजारी ती रोवली, फोटो काढला,
तिपाई उचलायला वाकलो
तर एर्मेलिंदा काठीच्या पलीकडे जाऊन उभी.
थांब, म्हणाली,
आणि बूट काढून बाजूला ठेवले.
ऑगस्टातल्या सकाळची ती वाळू,
तिच्यावर पाय ठेवताना तिनं श्वास आत ओढला.

आठ चाळीस कधीच होऊन गेले होते.
सावली सरकली होती, भेगा मिटत चालल्या होत्या.
हा फोटो सरकारच्या काही कामाचा नाही.
हलू नकोस, मी म्हटलं.
ती हलली.