पंचविसास एक

खानापुरात, मलप्रभेच्या पुलाअलीकडे माझं दुकान.
पाटी कानडीत, खाली बारीक मराठी,
त्याखाली मीच खडूनं लिहिलेलं : करवती दुपारनंतर.
सकाळी मी पंप आणि फवारे बघतो.
घर त्यांच्यावर चालतं.

अडिवेप्पा पोतं घेऊन आला.
फॉरेस्ट गार्ड होता. नावातच अडवी, म्हणजे रान;
नोकरी आईबापानं बारशालाच लावली
असं तोच सांगतो, आणि तोच हसतो.
पोत्यात करवत. लहान, हातभर पट्टीची,
कंपनीचं नाव घासून गेलेलं,
मागच्या मुठीला सायकलची ट्यूब, वर तांब्याची तार.

"एकोणनव्वदला नागरगाळीत मीच धरली.
लिलावात भंगार म्हणून मीच घेतली.
चालू कर."
काय तोडणार?
"काय नाही. परत द्यायची हाय.
बंद वस्तू परत देऊ नये."

झाकण काढलं.
आत भुसा बसलेला, थरावर थर, तेलात मुरलेला.
वर फणसाचा, अजून पिवळा.
खाली काळपट. मी म्हटलं ऐन, तो म्हणाला मत्ती.
चिमूटभर हातावर घेऊन
दोघं बराच वेळ एकाच झाडाचा वास घेत बसलो.

कार्बोरेटरचा पडदा जुन्या रेशनकार्डासारखा कडक.
पेट्रोलची नळी बोटात चुरली.
पॉइंटमधली फट मी लग्नपत्रिकेच्या कागदानं मोजतो,
यंदाच्या पत्रिका जाड आहेत, गेल्या सालची शोधली.
रिंग कुठेच मिळेना.
उद्यमबागेत एकानं मोपेडची घासून दिली,
तीन दिवस म्हणाला, सतरा लावले.
पिस्टनवर उभे ओरखडे होते, एकाच अंगाला.
असे ओरखडे म्हणजे घाई, मी मनात धरलं.
चोरून तोडणाऱ्याला कुठली उसंत.

मूठ नवी मिळत होती.
अडिवेप्पा नको म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही.
ट्यूब तशीच ठेवली, तार फक्त आवळली.

सातव्या ओढीला खोकली.
पुढच्या नऊ ओढींना काहीच नाही.
मग एकदम अशी ओरडली
की समोरच्या बेकरीतला पोरगा ट्रे घेऊनच बाहेर आला.

जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे, डावीकडच्या वाडीत
लुमाण्णा गावडा.
कान दोन्ही गेलेले, धंद्यातच गेले.
अडिवेप्पाला बघून उठला नाही,
बस पण म्हणाला नाही.
सुनेनं कोकमाचं पाणी आणलं, तीन पेले,
म्हणजे बसायचं होतं.

करवत अंगणात ठेवली.
एकोणनव्वदचं कोणी बोललं नाही.
लुमाण्णानं आधी ट्यूब चाचपली,
मग तळहात टाकीवर ठेवला
आणि माझ्याकडे बघून मान हलवली : ओढ.

दुसऱ्या ओढीला लागली.
कोंबड्या उडाल्या, सुनेनं कानावर पदर धरला.
ऐकू न येणारा माणूस हातानं ऐकत होता,
मग नाक पुढे काढून धूर हुंगला
आणि तोंड वाकडं केलं.
"तेल जास्त झालंय."

मी बोटं दाखवली, दोन आणि पाच, मग एक.
पंचविसास एक. बरोबर माप, पुस्तकातलं.
तो हसला, दात नव्हते.
"पन्नासास एक घालत होतो आम्ही.
तेल काय फुकट मिळतंय?"

म्हणजे घाई नव्हती.

अडिवेप्पा लांब डोंगराकडे बघत होता.
"साकु," म्हणाला, "बंद कर आता."

येताना स्कूटरवर मागून त्यानं बिल विचारलं.
मी रिंगचे सांगितले, नळीचे, पडद्याचे,
मजुरी जरा चढवूनच लावली.
तेलाचे धरले नाहीत.