बिल्ला

जामसंड्याच्या चढावर माझं गॅरेज.
आज दोन गाड्या शेजारी उभ्या,
लोके मास्तरांची आणि दाजी तिर्लोटकरांची.
दोन्हींची बॉनेटं उघडी.

तोच फिल्टर, तोच पट्टा,
दर दोन वर्षांनी तुटणारा
तोच प्लास्टिकचा चाप.
दाजींच्या इंजिनावरचं काळं पुसलं
तर खाली मास्तरांच्या कंपनीचं नाव,
ओतीव अक्षरांत.

फरक एक लाख दहा हजारांचा.
म्हणजे नाकावरच्या बिल्ल्याचा,
आणि तो तर परवा खाऱ्या वाऱ्यात सुटून
मिठमुंबरीच्या उतारावर कुठेतरी पडला.
त्याच्या जागी रंग अजून कोरा,
घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसा.

दाजी वाकून बघतात. बराच वेळ.
आंबा हुंगून
कुठल्या कातळावरचा ते सांगणारा माणूस.
एप्रिलात घाट उतरून ट्रक येतो,
रात्री त्यांच्या शेडमध्ये माल पेटी बदलतो,
सकाळी झाकणावर ‘देवगड’.
त्या ट्रकाचे ब्रेक मीच बघतो.

“घराकडे सांगू नको हां.”
मी कशाला सांगतोय.
“आणि बिल्लो मागव. ओरिजिनल.”
चौदाशे रुपये, आठ दिवस.
दाजी घासाघीस करत नाहीत.

ते गेल्यावर मास्तर काच खाली करतात,
“काय झालेलं रे त्यांच्या गाडीला?”

“काय नाय, मास्तर.
नाव सुटलेला.”