अंगठ्याची ड्यूटी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये माझं काम एवढंच:
चाकू हातात घ्यायचा, अंगठा सरकवायचा,
पातं उघडायचं, ऐकायचं, मिटायचं.
पाळीला चारशे.
एकेकाची किंमत माझ्या दोन पगारांएवढी,
पेटीला आतून मखमल.

कसं उघडतं ते सांगता येत नाही.
दुधावरची साय बोटानं बाजूला सारावी तसं,
असं मी पहिल्या दिवशी म्हणाले
तर जिग्नेशभाई हसले,
"बेन, मलाई नथी, सिरॅमिक बेअरिंग छे."
असेल. मोहरीएवढ्या गोळ्या
बिजागरीच्या पोटात फेर धरून बसलेल्या,
भोंडल्यातल्या पोरींसारख्या.
आधी किंचित नकार,
कुलपानं किल्ली ओळखावी तेवढा,
मग काहीच नाही,
मग टक्.
आणि मिटताना लॉक दाबलं
की पातं आपल्याच वजनानं खाली येतं,
पेंगणाऱ्या मुलाची मान.

दुसऱ्या हाताला काम नसतं.
पेटीवर तेच ठळक छापलंय: एका हातानं उघडतो.
माझा डावा टेबलावर पडून असतो,
पंगतीला बोलावून
पान न वाढलेल्या पाहुण्यासारखा.

उत्तरायणच्या दुसऱ्या दिवशी
गॅलरीत अडकलेला मांजा काढताना उजवा अंगठा चिरला.
पट्टी बांधून गेले.
पट्टीला ऐकू येत नाही.
सगळेच चाकू पास व्हायला लागले.
दुपारी मला पॅकिंगला बसवलं
आणि माझ्या टेबलावर मुमताज.
तिनंच संध्याकाळी एक बाजूला काढून आणला,
"जो तो, आमां कंई छे?"
डाव्या अंगठ्यानं उघडला. पहिल्यांदाच.
होतं. अर्ध्या वाटेवर,
सुताच्याही सुताइतकं,
भाकरी खाताना दाताखाली कच यावी तसं.
गोळ्या बदलल्या, नवं तेल घातलं,
स्क्रू एक अष्टमांश फेरा ढिला केला.
तरी होतं.
भंगाराच्या भावात मिळाला, दोन ठिकाणी सह्या करून.

दांडिया बाजारात, घरी,
उदाजी खिडकीशी.
अठ्ठावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
श्रावणापासून खुर्चीत. उजवी बाजू गेली.
मूठ मिटली ती मिटलेलीच.
फिजिओवाली एकेक बोट सोडवते, दिवसाचे तीनशे,
ती जिना उतरेपर्यंत बोटं परत आपल्या घरी.
तेल मीही लावलं.
तिळाचं, मग कुणी सांगितलं म्हणून मोहरीचं.
कुठली गोळी कुठे अडकलीय
ते माझ्या अंगठ्याला कळत नाही.

चाकू त्याच्या डाव्या हातात दिला.
दोनदा घसरला. तिसऱ्यांदा टक्.
मग कानाशी नेला आणि पुन्हा, सावकाश,
जॉबवरून नख फिरवून पाहायचा तसा.
"अडतंय," म्हणाला. "मध्ये. जरासं."
आठवड्यातलं पहिलं धड बोलणं
आणि तीही तक्रार.
म्हटलं, म्हणून तर मिळाला.

ताटलीत जामफळं होती.
कापायला मी हात पुढे केला,
त्यानं कोपरानं सारला.
एक जामफळ उचलून
मिटल्या मुठीत घातलं, एकेक बोट वर करत,
वाइसमध्ये जॉब धरावा तसं.
हलवून पाहिलं.
हललं नाही.
पहिली फोड लुंगीवर पडली.
दुसरी पात्याच्या टोकावर माझ्यापुढे आली.
"मीठ," म्हणाला.

मीठ आणायला आत गेले.
डबा हाताशी होता.
बाहेरून ऐकू येत होतं:
सरक,
कच,
टक्.