पाण्यात पाहणं

दुकानदाराला मत नसतं, उधारी असते.
म्हणून पहिल्या फेरीपासून मी गप्प आहे.
रोसेंदो बार्रिया आणि एरिबेर्तो नावेलकीन
माझ्या काउंटरवर, पिठाच्या एकाच पोत्याला हात लावून
जे बोलले, ते मी वहीत मांडलं नाही.
एक म्हणाला, तुमची माणसं आली तर जमीन जाईल.
दुसरा म्हणाला, तुमची आली होती
तेव्हा माझा भाऊ गेला.
पोतं तिथंच राहिलं.
त्या आठवड्यात दोन्ही घरांनी नुसते बटाटे खाल्ले.

चिलोएच्या या टोकाला आम्ही चाळीस चुली.
चर्चमधली मधली वाट तेव्हापासून रुंद झाली.
जाळीसुद्धा लोक वेगवेगळ्या खडकांवर वाळवू लागले.
विळ्याभोपळ्याचं नातं म्हणावं, तर
विळा निदान भोपळ्याला भेटतो.

त्यात एदुविना चिग्वाय म्हणाली,
गुरुवारी घर हलवायचंय, पलीकडच्या काठाला.
दरड तिच्या स्वयंपाकघरापर्यंत आली होती.
रविवारी मतदान आहे बाई, लोक म्हणाले,
नवा राष्ट्राध्यक्ष ठरू दे, मग बघू.
ती म्हणाली, भरतीला सांगून बघा तसं.

आमच्याकडे याला मिंगा म्हणतात.
घर ओढायला गाव बोलवायचं,
पैसे द्यायचे नाहीत, पोटभर वाढायचं.
बोलावणं मोडणाऱ्याच्या तिरडीला
खांदे मोजून मिळतात.

म्हणून सगळे आले.
घराखाली ओंडके, पुढे बैलांच्या सहा जोड्या,
आणि म्हातारा ओयार्सो ओरडत होता:
डावीकडे! अजून डावीकडे!
उजवे जागेवरच थांबले.
मग उजवीकडे! म्हणाला, तर डाव्यांचे हात सैल.
ओयार्सोने काठी वाळूत आपटली:
अरे गाढवांनो, घर म्हणतोय मी, घर!
त्यानंतर तो फक्त "डोंगराकडे" आणि "बेटाकडे" म्हणत राहिला.

ओहोटीला किनाऱ्यावर आणलेलं घर
दुपारच्या भरतीने उचललं.
रिकामी पिंपं बांधलेली, खिडक्यांचे पडदे तसेच,
लाकडी कौलांवर एक सीगल बसलेला
जणू त्यालाही पलीकडे जायचंय.
बोटींनी दोर ताणले. मधेच एक पिंप सुटलं,
घर कलंडलं, आतून कपबशांचा आवाज आला.

उडी कोणी आधी मारली ते सांगता येणार नाही.
छातीभर थंड पाण्यात, घराच्या एकाच कोपऱ्याखाली
रोसेंदो आणि एरिबेर्तो.
चार आठवडे एकमेकांना पाण्यात पाहणारे दोघे
एकमेकांना पाण्यात पाहत होते.
एकाचे ओठ निळे.
दुसऱ्याची टोपी वाहत चाललेली.
रोसेंदोने ती पकडली,
हात दोराला हवे होते म्हणून
स्वतःच्याच डोक्यावर घातली.
टोपीवर त्याला न चालणाऱ्या उमेदवाराचं नाव होतं, ठळक अक्षरात.
कोणी हसलं नाही.
हसायला श्वास लागतो.

संध्याकाळी शिंपले, डुकराचं मांस, सफरचंदाची दारू.
एदुविनाने सगळ्यांना सारखंच वाढलं,
आणि तरी दोन घोळके बसले, पाठीला पाठ लावून.
उगाच खोटं कशाला सांगू.
रोसेंदोने टोपी तिच्या कुंपणाच्या खिळ्याला अडकवली,
एरिबेर्तोने ती पाहिली, घेतली नाही.
एका सशाच्या गोष्टीवर मात्र
दोन्ही घोळके एकदमच हसले
आणि एकदमच गप्प झाले.

रविवारी शाळेत मतदान.
मी पण गेलो. आडव्या रेघेवर उभी रेघ मारली,
कुठल्या ते वहीतसुद्धा नाही.
शाळेची वाट एदुविनाच्या जुन्या जागेवरून जाते.
तिथे आता पिवळ्या गवताचा चौकोन,
चार दगड, आणि जिथे चूल होती तिथे काळा डाग.
मोकळी, सपाट जागा. जवळचा रस्ता.
दिवसभर माणसं येत राहिली,
या बाजूची, त्या बाजूची,
आणि एकूणएक जण
त्या चौकोनाला वळसा घालून गेला,
दार कुठे होतं ते आठवत.